अंगावरून वारं गेल्यावर आप्पांचं बोलणं गेलं पण अभंग येतो, याचा उपचारात उपयोग होतो का?

शहापूरकरीण

नमस्कार. जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या. आमचे आप्पा, वय ६८, बेळगावच्या वडगावात चाळीस वर्षं माग चालवला आणि गल्लीच्या भजनी मंडळात पुढं बसून म्हणणारे. आषाढी झाल्यावर चौथ्या दिवशी सकाळी तोंड वाकडं झालं, उजव्या अंगावरून वारं गेलं. आम्ही आधी तेल चोळत बसलो, दवाखान्यात पोचेपर्यंत सहा तास गेले, त्याचा सल अजून जात नाही. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी निघाली. आता अडीच महिने झालेत, काठी धरून न्हाणीपर्यंत जातात, सगळं कळतं त्यांना, पण बोलणं गेलंय. काहीही विचारा, "ते... ते..." एवढंच, आणि मग तोंड फिरवून भिंतीकडं बघत बसतात.

गेल्या एकादशीला मंडळाची माणसं बघायला आली होती. उठताना एकानं सहज टाळ घेतले आणि काकड्यातला रोजचा अभंग धरला, तर आप्पा म्हणायला लागले! अख्खं ध्रुवपद, एकेक शब्द स्पष्ट, डावा हात मांडीवर ताल धरतोय. आई स्वयंपाकघरातून पीठाच्या हातानं बाहेर आली. संपल्यावर मी विचारलं, आप्पा पाणी देऊ? तर परत "ते... ते...".

भाऊ म्हणतो, ते सवयीनं येतंय, त्यात काय औषध हाय, उगंच टाइमपास करूलीस. डॉक्टरना विचारलं तर म्हणाले गाऊ द्या, चांगलं आहे, आणि पुढचा पेशंट बोलावला. स्पीच थेरपीला आठवड्यातून दोनदा नेतो पण तिथली मुलगी कन्नड-इंग्लिशवाली, मराठी तिला अडखळत येतं. पोरगी मनापासून करते, पण आप्पा तिच्यापुढं गप्प बसतात. तर मला खरंच जाणून घ्यायचंय, या गाण्याचा उपचार म्हणून काही उपयोग आहे का, की नुसतं मन रमवायचं?

स्पीचवाली_ताई

शहापूरकरीण, मी याच कामात आहे, माहेर खानापूरचं, सध्या पुण्यात. तुम्ही जे पाहिलंत ते वैद्यकात फार जुनं आहे, १७४५ साली स्वीडनमध्ये अशाच एका माणसाची नोंद झाली, बोलणं गेलेलं पण चर्चमधली भजनं म्हणता यायची. बोलण्याचं काम बहुतेकांत मेंदूच्या डाव्या बाजूला चालतं, पण सूर, लय आणि वर्षानुवर्षं पाठ झालेलं म्हणणं यात उजवी बाजूही असते आणि आप्पांची ती शाबूत आहे.

आता भाऊ काय म्हणतो ते अर्धं बरोबर आहे, राग मानू नका. पाठ असलेला अभंग म्हणणं आणि "मला पाणी दे" हे स्वतःचं वाक्य जुळवणं ही दोन वेगळी कामं आहेत. दिवसभर नुसतं भजन लावून ठेवलं तर भजन सुधारेल, बोलणं तेवढ्यानं येणार नाही. पण भजनाची वाट धरून बोलण्याकडं जाता येतं. १९७३ मध्ये अमेरिकेत बॉस्टनला यासाठी एक पद्धत बसवली, मेलॉडिक इंटोनेशन थेरपी म्हणतात. ज्यांना समजतं बरंच पण तोंडातून शब्द निघत नाही अशांसाठीच ती आहे, म्हणजे आप्पांसारख्यांसाठी.

करायचं असं. रोजच्या गरजेचं छोटं वाक्य घ्यायचं, दोन-तीन अक्षरांचं. ते दोनच सुरांत, एक वरचा एक खालचा, सावकाश म्हणायचं, आणि प्रत्येक अक्षराला त्यांच्या डाव्या हाताची थाप मांडीवर पाडायची. आधी तुम्ही नुसतं गुणगुणायचं, मग दोघांनी मिळून म्हणायचं, मग मध्येच तुम्ही आवाज काढून घ्यायचा आणि त्यांना पुढं जाऊ द्यायचं, मग त्यांनी एकट्यानं. शेवटी तुम्ही प्रश्न विचारायचा आणि तेच वाक्य उत्तर म्हणून यायला पाहिजे. जमेल तसा सूर कमी करत साध्या बोलण्यावर आणायचं. हे रोज हवं, आठवड्यातून दोनदा करून भागत नाही, म्हणून घरच्यांनीच शिकून घ्यायचं असतं. घासलेली वाक्यं सुधारतात हे अभ्यासांत दिसलंय, पण त्यातून सगळं बोलणं मोकळं होईल असं वचन कुणी देऊ नये आणि मीही देत नाही.

एक गोष्ट तुमच्या आप्पांसाठी मुद्दाम सांगते. २०११ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी तपासलं तेव्हा सुरापेक्षा लय आणि ओळखीचे शब्द यांचाच जोर जास्त दिसला. ज्या माणसानं उभा जन्म टाळ आणि मागाचा खटका ऐकला त्याला लय शिकवायला नको.

भाषेचं म्हणाल तर वाक्यं तुमच्या घरचीच घ्या, पुस्तकातली प्रमाण मराठी नको. तुमच्यात "पाणी दी" म्हणत असतील तर तेच. दहा वाक्यांची यादी देवनागरीत आणि कन्नड लिपीतही लिहून त्या मुलीला द्या, तुमच्या आवाजात रेकॉर्ड करूनही द्या, ती सूर-थाप शिकवेल आणि शब्द तुम्ही पुरवाल. आणि आप्पा गाताना रडले तर घाबरून थांबवू नका, जवळ बसा.

निपाणीकर

आमच्या आईला पार्किन्सन आहे म्हणून लिहितो. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी आली की पाय जमिनीला चिकटल्यासारखे, दहा-दहा मिनिटं तशीच उभी. धरून ओढली तर पडायची भीती. फिजिओवाल्यांनी सांगितलं, ठेका द्या. आम्ही मोबाइलवर टिकटिक लावली, ती तिला आवडेना. मग बायको तिच्या शेजारी उभी राहून तिच्याच जात्यावरच्या ओवीच्या चालीत गुणगुणायला लागली आणि आईनं डावा पाय उचलला, पाठोपाठ उजवा. आता उंबऱ्याच्या अलीकडं जमिनीवर पिवळी टेप पण मारलीय, टेप ओलांडायची आणि ओवी म्हणायची. अमेरिकेत ब्रुकलिनला २००१ पासून नर्तक लोक पार्किन्सनच्या पेशंटना नाच शिकवतात आणि पुण्यातही असे वर्ग झालेत. गोळीची वेळ मात्र चुकवायची नाही, गोळी उतरली की ओवी पण चालत नाही, हे आम्ही बघितलंय.

टिळकवाडी_७२

या विषयावर एक धोक्याची सूचना देतो. व्हॉट्सअ‍ॅपवर अमका राग ऐका बीपी जाईल, तमका राग ऐका शुगर जाईल असले मेसेज फिरतात, आमच्या ओळखीत एकानं त्यापायी बीपीची गोळी बंद केली आणि नंतर आयसीयू बघितला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तिथं गाण्याचा काही संबंध नाही. शहापूरकरीण, तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही, वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचे तरी तास वाचावेत म्हणून लिहितोय. तोंड वाकडं झालं की तेलाची बाटली शोधू नका, गाडी काढा.

उदाहरण आपल्याच मातीतलं आहे की. कुमार गंधर्व, जन्म १९२४, आपल्या सुळेभावीचे. ऐन तरुणपणी क्षय झाला, देवासला अंथरुणावर वर्षानुवर्षं, गाणं बंद. स्ट्रेप्टोमायसिन आलं म्हणून वाचले, नुसत्या सुरांनी नाही. पण त्या अंथरुणावर त्यांनी माळव्याची लोकगीतं कान देऊन ऐकली आणि उठल्यावर एका फुप्फुसाच्या दमात बसेल असं गाणं घडवलं, ते छोटे छोटे तुकडे, ती मधली शांतता. औषधानं जीव राखला, त्या जीवाचं पुढं काय करायचं ते गाण्यानं ठरवलं. मला तरी दोन्हीची जागा अशी दिसते.

वॉर्ड_नंबर_६

मी स्टाफ नर्स, बावीस वर्षं झाली. आमच्या इथं मध्ये भिंती रंगवून घेतल्या, झाडं, मोर, सगळं छान, पण दाराशेजारच्या भिंतीवर! पेशंट उताणा असतो हो, त्याला दिसतो तो पंखा आणि छताची ओल. रंगवायच्या आधी कुणीतरी पाच मिनिटं कॉटवर पडून बघायला पाहिजे होतं. १९८४ साली अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला, पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची ते विटांची भिंत बघणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेची जोरदार औषधं कमी लागली. लहानच अभ्यास, ४६ पेशंट, पण मी तो वाचल्यापासून संधी मिळेल तशी खिडकीची कॉट ज्याला जास्त दिवस राहायचंय त्याला देते.

दुसरं म्हणजे गाणं पेशंटच्या आवडीचं आणि त्याला बंद करता येईल असं हवं. जनरल वॉर्डात एकाच्या मोबाइलवर मोठ्यानं भक्तिगीतं आणि बाजूला डोकं दुखणारी बाई, याला मी कला म्हणणार नाही. आणि ताई, आप्पांना जेवताना गायला लावू नका, लकव्यानंतर घास चुकीच्या नळीत जातो.

खानापूरचा_इंटर्न

२०१९ पासून एमबीबीएसला संवाद आणि वागणूक शिकवणारा अ‍ॅटकॉम नावाचा भाग आहे, त्यात रोल प्ले असतो. आम्ही तो इंग्लिशमध्ये केला. नंतर वॉर्डात जांबोटीकडची आजी भेटली, ती म्हणाली "जीव घाबराघुबरा होतोय" आणि मी नुसतं पल्स बघत राहिलो, पुढं काय विचारायचं ते कुठल्याच रोल प्लेत नव्हतं. दिल्लीच्या यूसीएमएस या मेडिकल कॉलेजात मुलांना नाटकाच्या खेळातून पेशंटच्या जागी उभं करतात असं वाचलंय, आपल्याकडं नाटकवाल्यांची काय कमी आहे? मराठी-कन्नड दोन्ही बोलणारे हौशी कलाकार पेशंट म्हणून आणून बसवले तर आम्ही खूप लवकर शिकू. शहापूरकरीण, डॉक्टर दोन मिनिटांत उठले त्याबद्दल माझ्याकडून सॉरी, ओपीडीत दीडशे जण असतात पण ते तुमचं उत्तर नव्हे.

शहापूरकरीण

सगळ्यांचे खूप आभार, एकेक रिप्लाय दोनदा वाचला. नऊ दिवस झाले. स्पीचवाली ताईंच्या सांगण्यावरून दहा वाक्यं लिहिली, थेरपीच्या मुलीला दिली, ती इतकी खूश झाली की तिनं फोनमध्ये माझा आवाज भरून घेतला आणि "च्या दी" म्हणायला शिकली, आमच्या चालीत! आप्पा तिच्याकडं बघून पहिल्यांदा हसले.

आम्ही सकाळी काकड्याच्या वेळेला बसतो, वीस मिनिटं. तीन दिवस काहीच नाही, नुसती थाप. चौथ्या दिवशी माझ्याबरोबर "च्या दी" आलं. काल मी "च्या" वर थांबले आणि "दी" त्यांनी एकट्यानं म्हटलं, सुरात. प्रश्न विचारला की अजून "ते... ते..." च येतंय. पण आज दुपारी भाऊ कामावरून आला, काही न बोलता आप्पांजवळ बसला आणि त्यांच्या डाव्या हाताखाली आपली मांडी सरकवली.

ताई, एक विचारायचं होतं, आईला त्यांनी नावानं कधीच हाक मारली नाही, "अगं ऐकलंस" असंच म्हणायचे. ते वाक्य घेऊ का पुढं? सहा अक्षरं होतात, जड पडेल का?