कोनसेट आवळण्याआधी मागचं चाक हलवून बघा

मोटरसायकलचं हँडल ताशी ऐंशी किलोमीटरच्या पुढे डुगडुगलं की कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) आवळायचा, विषय संपला, असा एक सल्ला दिला जातो. कोनसेट सैल असेल तर बरोबरच आहे, पण गरजेपेक्षा जास्त आवळला तर हँडल जड होतं आणि गाडी हळू वेगातच नागमोडी जायला लागते. मी हे करून बसलोय. माझ्या जुन्या ३५० सीसीच्या गाडीचा कोनसेट दोनदा बदलला, पुढचा टायर नवा टाकला, तरी सातारा रस्त्यावर ९० ला गाडी हलायची ती हलायचीच.

शेवटी लक्षात आलं की थरथर हँडलची नव्हतीच, अख्खी गाडी मागून संथ झोका घेत होती. हा फरक आधी ओळखा. हँडल भराभर फडफडत असेल तर पुढे शोधा. कमरेखालून गाडी वळवळत असेल तर मागे. मेन स्टँडवर लावून मागचं चाक दोन्ही हातांनी आडवं हलवलं तर स्विंगआर्मच (मागचं चाक धरणारा, वरखाली हलणारा भाग) चक्क टकटक वाजत होता. त्याच्या सांध्यातले बुश पार झिजलेले. ते बदलले, मग चेन अॅडजस्टरच्या (चेन ताणायच्या स्क्रूच्या) खुणांवर विसंबून न राहता दोरी ताणून दोन्ही चाकं एका रेषेत आणली. (जुन्या गाडीच्या खुणा म्हणजे नुसती शोभा.) त्यानंतर झोका गेला.

आणि चालत्या गाडीला झोका बसलाच तर ब्रेक मारू नका, हँडलशी झटापट नको. गुडघ्यांनी टाकी धरा आणि अॅक्सिलरेटर हळूहळू सोडा.