अनुभव धागा: ओव्हरडोसने मूल गेलेल्या आईबाबांसाठी

आजाराने मूल गेलं तर लोक जवळ येऊन बसतात. नशेच्या ओव्हरडोसने गेलं म्हटलं की आधी चौकशी होते: संगत कुणाची होती, घरात लक्ष नव्हतं का? म्हणून हा धागा आपल्यापुरता. नाव नको असेल तर नुसतं आई किंवा बाबा लिहा.

एक आई: मुलगा व्यसनमुक्ती केंद्रातून बरा होऊन आला होता. जेवायला लागला होता, हसायचा. मग एकदाच घेतलं आणि गेला. एकदाच घेऊन कसा गेला, हा प्रश्न मला पोखरत होता. अशाच आईबाबांच्या आधारगटातल्या एका ताईंनी समजावलं: अफूवर्गीय, म्हणजे हेरॉइनसारखी, नशा काही काळ बंद राहिली की शरीराची सवय मोडते, आणि पूर्वी सोसायचं तेवढंच प्रमाण जीव घेतं. त्यांची मुलगीही अशीच गेली. डॉक्टरही हेच म्हणाले होते. पण या सांगताना रडत होत्या, म्हणून माझ्यापर्यंत ते पोचलं.

एक बाबा: त्या रात्री तो मोठ्याने घोरत होता. आम्हाला वाटलं, चला, झोप लागली. श्वास कोंडत चालल्याचा तो आवाज होता, हे नंतर कळलं. गटात बोललो तेव्हा आणखी दोघांनी माना खाली घातल्या. "तुमची चूक नाही" असं सगळेच म्हणतात. तो आवाज ऐकलेलं माणूस मला तिथेच भेटलं.

एक आई: आम्ही दोघं गटाला वेगवेगळ्या दिवशी जातो. एकमेकांसमोर बोलवत नाही. ह्यांना राग आहे, मुलीवर, माल देणाऱ्यावर. मला राग येतच नाही.

एक बाबा: ३१ ऑगस्ट हा ओव्हरडोस जागृतीचा आंतरराष्ट्रीय दिवस, २००१ मध्ये मेलबर्नमध्ये सुरू झालेला. त्या दिवशी आम्ही मुलांचे फोटो मांडतो आणि नालॉक्सोन कसं द्यायचं ते शिकवतो. अफूवर्गीय नशेने मंदावलेला श्वास या औषधाने परत येऊ शकतो. पण असर ओसरला की पुन्हा मंदावू शकतो, म्हणून रुग्णवाहिका बोलवायचीच. शिकवताना हात थरथरतात. तरी मीच शिकवतो.

एक आई: माझी मुलगी नुकतीच गेली. मला अजून लिहिता येत नाही.

पहिली आई: नका लिहू, ताई. एक मात्र स्पष्टच विचारते. जगणं नको असं वाटतंय का? आमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटलं होतं. वाटत असेल तर आजच घरात कुणाला तरी सांगा, डॉक्टरांना गाठा. ते काम गटाने भागत नाही. आणि कशी गेली ते राहू दे. तिला काय आवडायचं, ते कधीही सांगा.