दख्खनी घेऊ की माडग्याळ? काळ्या मातीत मेंढ्या पाळणाऱ्यांनी सांगावं

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडे शेती आहे. त्यातली तीन एकर निव्वळ बरड, कुसळ अन् बाभळीशिवाय काही येत नाही. तिथं वीस मेंढ्या अन् एक नर ठेवायचा विचार आहे. शेळ्या सुचवू नका, शेजाऱ्याच्या पऱ्हाटीवरून भांडणं आधीच झालीत.

मेंढ्या अशा हव्यात की दिवसभर मोकळ्या चरतील, मे महिन्याच्या उन्हात तगतील अन् सरकीच्या ढेपेवाचून राहतील. म्हणून मन दख्खनीकडे जातं. भाचा म्हणतो माडग्याळ आण, कोकरं झपाट्यानं वजन घेतात. घेत असतील, पण ती जात सांगलीच्या जत भागातली, कमी पावसाची. इथं जुलैत वावरात पाय घोटाभर रुततो. मागच्या पावसाळ्यात गावाजवळ एक कळप बसला होता. खुरांच्या बेचक्यात माती वाळून गोटा झालेली, मेंढपाळ एकेका पायातली काडीनं कोरून काढत होता. तरी काही लंगडतच होत्या. वाड्यात नुसता मुरूम टाकून भागतं का?

दुसरं लोकरीचं. दख्खनीची लोकर भरड, घोंगडीपुरती. वर्षातून दोनदा कातरायची, तर मजुरी तरी निघते का? अन् फलटणची ‘नारी सुवर्णा’ ही मेंढीची जात जुळी देते, पण निव्वळ चराईवर दोन कोकरांना दूध पुरतं का? अमरावतीकडच्या पोहऱ्याला मेंढी-शेळी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र आहे, तिथून कोणी नर आणला असेल तर तेही सांगा.

उत्तर १
भाऊ, माद्या दख्खनीच घ्या, नर माडग्याळ लावा. जुळ्यांना खुराक लागतोच, चराईवर एकच कोकरू बरं. मुरूम चालतो, पण वाडा उताराला हवा, पाणी थांबलं की खुरं सडलीच. आंत्रविषाराची (आतड्यात विष होणाऱ्या रोगाची) लस पावसाआधी टोचा. पहिल्या पावसाचं कोवळं गवत मेंढरं अधाशासारखी खातात अन् रात्रीतून धडधाकट कोकरू जातं. निळी जीभ हा रोग चिलटांमुळे पसरतो, सांजेला कडुलिंबाचा धूर करा. लोकर हिशोबात धरूच नका. उन्हाळ्यात लोकांच्या वावरात रात्री मेंढ्या बसवा, लेंडीखताचे पैसे मिळतात.

धागाकर्ता
वीसच मेंढ्या कोण बसवून घेईल भाऊ? लोकांना मोठा कळप लागतो. बरं, नर किती वर्षं ठेवायचा?

उत्तर १
दुसऱ्याच्या कळपात मिसळा, वाटा ठरवून घ्या. नर दोन वर्षांनी बदला, नाहीतर लेकीला बापच लागतो.