मदत हवी आहे: ओढा, पाणीवाटप आणि दुभंगलेलं गाव

नमस्कार मंडळी. आमचं गाव सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं, येरळा नदीच्या काठचं. पूर्वी नदीत वाळू होती तोवर हातभर उकरलं तरी पाणी लागायचं. वाळू उपसली गेली आणि विहिरी आटल्या. आमच्या जुन्या आडाच्या दगडाला दोरानं पडलेल्या खाचा बोटभर खोल आहेत. आजी त्यावरून हात फिरवते नि ओव्या म्हणते, पण आत नुसता पालापाचोळा.

यंदा आम्ही पंधरा-वीस जणांनी ओढा खोल करून बांध घालायचं ठरवलंय. पण खरी अडचण वेगळीच आहे. पाण्यावरून गावात दोन तट पडलेत, यात्रासुद्धा दोन होतात. वरच्या वस्तीतल्या भूमिहीनांचा सवाल रास्त आहे: श्रमदान आम्ही करायचं आणि पाणी मात्र जमीनवाल्यांच्या उसाला?

जवळच बळवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी येरळेवर बळीराजा धरण बांधलं, वाळू विकून पैसा उभा केला आणि भूमिहीनांनाही पाण्याचा वाटा दिला. मला असंच काही हवंय, म्हणून विचारतो:

वाटपाचे नियम लेखी कसे करावेत? भूमिहीन माणूस आपला वाटा दुसऱ्याच्या, कसायला घेतलेल्या जमिनीला वापरू शकतो का? आणि दोन्ही तटांना एका पारावर बसवायचं तर सुरुवात कुणी करावी? मला वाटतं म्हाताऱ्या बायकांनी. पाणी डोक्यावरून त्यांनीच वाहिलंय.

आटपाडी, माण, खटावकडं कुणी असं काम केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. पावसाळ्याआधी बैठक घ्यायची आहे.