यशवंतरावांच्या १९६४ च्या अमेरिका दौऱ्याचे कागद: बोस्टन की ऑस्टिन?

कृष्णाकाठ (कराड):
नमस्कार. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना अमेरिकेकडून शस्त्रसाहाय्य मिळवण्यासाठी ज्या वाटाघाटी झाल्या, त्यांवर मी प्रबंध लिहीत आहे. दिल्लीतील कागद पाहून झाले. आता समोरची बाजू पाहायची आहे. केनेडी यांचे अध्यक्षीय ग्रंथालय, म्हणजे त्यांच्या कारकिर्दीतील कागद जपणारे अभिलेखागार, बोस्टनला आणि जॉन्सन यांचे ऑस्टिनला आहे, पण मला जेमतेम दहा दिवसांचा खर्च पेलणार आहे. दोन्हीकडे जावे की एकाच ठिकाणी ठाण मांडावे? तिथे कागद हाती कसे येतात?

दप्तरदार (सातारा):
ताई, ऑस्टिनलाच जा. केनेडी यांची हत्या २२ नोव्हेंबर १९६३ ची, आणि यशवंतराव अमेरिकेत गेले ते मे १९६४ मध्ये. २७ मे रोजी पंडित नेहरूंच्या निधनाची बातमी त्यांना तिथेच कळली. १९६२ च्या युद्धानंतरची पहिली मदत मात्र केनेडी यांच्या काळातील आहे, तिच्यासाठी बोस्टनच्या संकेतस्थळावरील अध्यक्षीय कार्यालयाच्या फायली घरी बसून वाचता येतात.

पुण्याच्या पेशवे दप्तरात आपण रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, मागतो, तसा तिथे खोका मागायचा असतो. सूचीत ‘नॅशनल सिक्युरिटी फाइल’ (राष्ट्रीय सुरक्षेविषयीचे कागद), त्यात देशवार विभाग, त्यात भारत, असे उतरत गेले की खोक्याचा क्रमांक सापडतो. तो ईमेलने आधीच कळवा. वाचनकक्षात शिसपेन्सिलच चालते, एका वेळी एकच फोल्डर उघडायचा असतो आणि कागदांचा क्रम मोडायचा नसतो. फ्लॅशशिवाय फोटो काढता येतात, पण प्रत्येक फोल्डर उघडताना आधी त्याच्या नावाचा आणि खोक्याच्या क्रमांकाचा फोटो घ्या. मी पहिल्या दिवशी तो घेतला नव्हता. परतल्यावर कोणते पान कोणत्या खोक्यातले, हे जुळवण्यात दोन महिने गेले.

एक वाचक (सांगली):
फोल्डरमध्ये मधेच कागदाऐवजी, तो काढून घेतल्याची नोंद असलेला तक्ता लागतो: तारीख, कोणी कोणास लिहिले, पाने किती, रोखण्याचे कारण. तो उलटून पुढे जाऊ नका, कारण त्याच्या आधारे गोपनीयतेच्या फेरतपासणीचा अर्ज करता येतो. निकालाला वर्षेही लागतात, म्हणून अर्ज तिथे असतानाच करा. अमेरिकी परराष्ट्र खाते निवडक कागद ‘फॉरेन रिलेशन्स’ या मालिकेत छापते; तिचा १९६४-६८ च्या दक्षिण आशियावरचा २५ वा खंड त्या खात्याच्या संकेतस्थळावर मोफत आहे; त्यात जे छापले आहे, त्यावर ऑस्टिनमधला वेळ घालवू नये. आणि बैठकीचे अमेरिकी टिपण म्हणजे तिथल्या अधिकाऱ्याने ऐकलेले यशवंतराव, तेव्हा प्रत्येक वाक्य दिल्लीच्या कागदांशी ताडून पाहिल्याशिवाय त्यांच्या तोंडी घालू नका, ही कळकळीची विनंती.

कृष्णाकाठ (कराड):
दोघांचीही मनापासून आभारी आहे. ऑस्टिन नक्की केले. ईमेलमध्ये केवळ खोक्यांचे क्रमांक द्यावेत की विषयही सविस्तर लिहावा?

दप्तरदार (सातारा):
विषय अवश्य लिहा. तो कळला की तिथले अभिलेखपाल आपल्या लक्षात न आलेले खोकेही सुचवतात. व्हाइट हाउसमध्ये भारताचे काम पाहणाऱ्या रॉबर्ट कोमर यांच्या फायली तर आवर्जून मागा.