ओव्हरक्लॉकिंगसाठी बी ७६० की झेड ७९०?

प्रश्न: माझ्याकडे इंटेलचा आय ५-१३६०० के हा प्रोसेसर आहे. बी ७६० आणि झेड ७९० या चिपसेटांच्या (मदरबोर्डवरील जोडण्या सांभाळणाऱ्या चिपच्या) वेगात प्रत्यक्ष फरक जाणवतो का, की तो केवळ ओव्हरक्लॉकिंगपुरताच (प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवण्यापुरताच) असतो?

प्रतिसाद १: मूळ सेटिंगवर फरक जवळजवळ नसतो, कारण मेमरी कंट्रोलर आणि ग्राफिक्स कार्डाच्या मुख्य लेन (माहिती ये-जा करण्याच्या वाटा) थेट प्रोसेसरमध्येच असतात. मात्र बी ७६० वर मेमरीचा वेग वाढवता येत असला, तरी कोअरचा मल्टिप्लायर (ज्या गुणकावरून कोअरचा वेग ठरतो तो) वाढवता येत नाही. त्यामुळे ‘के’ (ओव्हरक्लॉकिंगसाठी खुला) प्रोसेसर घेतल्याचा अर्धा हेतू तिथेच संपतो.

प्रतिसाद २: सहमत, पण चिपसेटच्या नावापेक्षा बोर्डाचे व्हीआरएम (प्रोसेसरला योग्य व्होल्टेजची वीज देणारे सर्किट) आधी पाहावे. ते कमकुवत असेल, तर दीर्घकाळ ताण पडल्यावर तापते आणि प्रोसेसरचा वेग उतरतो, मग बोर्डावर झेड ७९० लिहिलेले असले तरी काय उपयोग?

प्रतिसाद ३: थोडे विषयांतर: इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडीच्या बी ६५० चिपसेटवरही ओव्हरक्लॉकिंग करता येते. एक्स ६७० मध्ये एकाऐवजी दोन चिप असतात, त्यामुळे जोडण्या वाढतात, वेग नव्हे.

प्रश्नकर्ता: मग चांगल्या व्हीआरएमचा झेड ७९० बोर्डच पाहतो.