अनुभव धागा: एचटीएमएल माहितीपुस्तिकेतले हरवलेले आयकॉन

सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका एचटीएमएलमध्ये काढताना सूचना, टीप आणि इशारा यांच्या शेजारचे आयकॉन कुणाचे कसे हरवले व कसे सापडले, हे सविस्तर लिहावे, ही विनंती. सुरुवात मी करतो.

आमची पुस्तिका डॉकबुकमध्ये, म्हणजे तांत्रिक पुस्तिका लिहिण्याच्या एक्सएमएल पद्धतीत होती. सूचनांशेजारी आयकॉन दाखवायचे की नाही हे ठरवणारे ‘ॲडमॉन.ग्राफिक्स’ हे पॅरामीटर मुळात ० (नाही) असते. ते १ करून एक्सएसएलटीप्रॉक हा रूपांतर करणारा प्रोग्रॅम चालवला. एकही त्रुटी आली नाही, पण ब्राउझरमध्ये प्रत्येक सूचनेशेजारी तुटक्या चित्राची चौकट आणि ‘[नोट]’ एवढाच पर्यायी (चित्राऐवजी दिसणारा) मजकूर दिसू लागला. दोन दिवस मी स्टाइलशीट, म्हणजे डॉकबुकचे एचटीएमएल करणारे नियम, तपासत बसलो. शेवटी पानाचा सोर्स उघडला, तेव्हा ‘इमेजेस/नोट.पीएनजी’ हा पत्ता तिथे बिनचूक होता. आउटपुटमध्ये ‘इमेजेस’ हे फोल्डरच नव्हते. स्टाइलशीट केवळ पत्ता लिहिते, फाइल नेऊन ठेवत नाही. आता ते फोल्डर कॉपी करण्याची ओळ आमच्या मेकफाइलमध्येच (पुस्तिका तयार करण्याच्या आज्ञांच्या फाइलमध्येच) आहे. आयकॉनच्या फोल्डरचा पाथ (पत्ता) बदलणाऱ्यांनी शेवटची तिरकी रेघ जपावी, नाहीतर फोल्डरचे आणि फाइलचे नाव एकमेकांना चिकटते.

प्रतिसाद १
आमच्याकडे विंडोजवर सगळे आयकॉन दिसत आणि लिनक्स सर्व्हरवर एकच गायब होई. फाइलचे नाव मोठ्या इंग्रजी अक्षराने सुरू होत होते आणि लिनक्स लहान-मोठे अक्षर वेगळे मानते, एवढेच कारण निघाले.

प्रतिसाद २
माझा अनुभव कॉलआउटचा, म्हणजे कोडच्या ओळींना जोडलेल्या गोल आकड्यांचा आहे. डॉकबुकमध्ये या चित्रांची मूळ मर्यादा १५ आहे. मी एका कॉन्फिगरेशन फाइलला १८ खुणा दिल्या, तेव्हा शेवटच्या तीन साध्या कंसातल्या आकड्यांत उमटल्या. मर्यादा वाढवण्याऐवजी मी ते उदाहरणच दोन भागांत तोडले, कारण इतक्या खुणा वाचकालाही एका दमात झेपत नव्हत्या.

प्रतिसाद ३
ॲस्कीडॉक्टरमध्ये (साध्या मजकुरातून एचटीएमएल काढणाऱ्या साधनात) ‘आयकॉन्स’ या सेटिंगला ‘फॉन्ट’ ही किंमत दिली, की आयकॉनचा फॉन्ट मुळात इंटरनेटवरून येतो. आमची पुस्तिका इंटरनेट नसलेल्या कारखान्यात वाचली जाते, आणि तिथे इशाऱ्याच्या जागी रिकामा चौकोन उमटला. यंत्र बंद न करता झाकण उघडू नये, असे सांगणारा तो इशारा होता, म्हणून ही चूक मला फार लागली. आम्ही चित्ररूप आयकॉन घेतले आणि ‘डेटा-यूआरआय’ हे सेटिंग लावून ते एचटीएमएल फाइलमध्येच भरले. फाइल जड झाली, पण पेनड्राइव्हवर एकटी नेली तरी पूर्ण उघडते.

प्रतिसाद ४
आमचे एक दृष्टिहीन सहकारी स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर, पुस्तिका वाचतात. आम्ही हाताने घातलेल्या आयकॉनना पर्यायी मजकूरच नव्हता, त्यामुळे त्यांना दर इशाऱ्याआधी फाइलचे नाव ऐकावे लागे. आता जिथे ‘इशारा’ हा शब्द शेजारी छापलेला असतो तिथे आम्ही पर्यायी मजकूर मुद्दाम रिकामा ठेवतो. जिथे आयकॉन एकटाच असतो तिथे तो शब्द आवर्जून लिहितो.